जंतूच्या अंगावरील शर्करा

चेन्नई शहराच्या दक्षिण अंगास पेरुंगुडी नावाची वसाहत आहे. पूर्वी स्वतंत्र असलेले हे गाव २०११ साली चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच्या शेजारी पल्लिकरणै ही विस्तीर्ण दलदल पसरलेली आहे. दुसऱ्या बाजूस, समुद्रकिनाऱ्याला समांतर असा बकिंगहॅम कालवा आहे. आणि शहराच्या दक्षिण भागातील सांडपाणी शुद्ध करण्याचे एक मोठे केंद्रही येथेच आहे. गोडे पाणी, खारे पाणी आणि मैलापाणी यांचा जेथे असा शेजार असतो, तेथे पाण्याच्या एकेका थेंबात हजारो जंतू सापडतात. माणसाच्या आतड्यातून आलेल्या पुष्कळशा जंतूंच्या, तसेच निमखाऱ्या पाण्यात वस्ती करणाऱ्या पटकीच्या जंतूच्या अंगावर एका विशिष्ट पदार्थाचे दाट आवरण असते. हा पदार्थ मेद आणि शर्करा यांच्या संयोगाने बनलेला असतो. त्यास लिपोपॉलिसॅकॅराइड असे नाव आहे. मराठीत त्यास मेदबहुशर्करा म्हणता येईल.

या पदार्थाची घडण कशी असते, हा प्रश्न वरवर पाहता रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेपुरता वाटेल. परंतु याच शहरात, त्यास मद्रास म्हणत असत त्या काळी, १९९२ साली पटकीची एक अनपेक्षित साथ उद्भवली. तिचे मूळ जंतूच्या अंगावरील काही शर्करांच्या अदलाबदलीत होते. तो बदल समजून घ्यावयाचा, तर आधी त्या पदार्थाचीच ओळख करून घेतली पाहिजे.

रंग धरणारे आणि रंग सोडणारे

१८८४ साली हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने बर्लिनमध्ये जंतू रंगविण्याची एक युक्ती शोधून काढली. काचेवर पसरलेल्या जंतूंना त्याने प्रथम जांभळा रंग दिला, त्यावर आयोडीनचा द्राव घातला आणि नंतर ती काच अल्कोहोलाने धुतली. काही जंतूंनी जांभळा रंग घट्ट धरून ठेवला, तर काहींचा रंग पार धुऊन गेला. पहिल्यांस आज ग्रॅम-धन व दुसऱ्यांस ग्रॅम-ऋण जंतू म्हणतात. पटकी, विषमज्वर, रक्ती आव आणि प्लेग यांचे जंतू दुसऱ्या वर्गातील होत.

हा भेद का पडतो, हे ग्रॅम यास ठाऊक नव्हते. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने असे आढळून आले की, ग्रॅम-ऋण जंतूंची मधली भिंत पातळ असते आणि तिच्या बाहेर त्यांना आणखी एक पटल असते. अल्कोहोलाने हे बाह्य पटल विस्कटते आणि आतला रंग वाहून जातो. या पटलाच्या बाहेरच्या अंगास मेदबहुशर्करेचे रेणू शेजारी शेजारी दाटीने बसविलेले असतात. आतड्यातील ई. कोलाय हा जंतू एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा लांब असतो. एवढ्याशा देहावर या पदार्थाचे सुमारे दहा लाख रेणू मावलेले असतात. मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे आयन त्यांना एकमेकांशी जखडून ठेवतात. त्यामुळे आतड्यातील पित्तरस, तसेच पुष्कळशी औषधेही या तटबंदीतून सहज आत शिरू शकत नाहीत.

फायफर यांचे दोन शोध

या पदार्थाचा मागोवा प्रथम पटकीच्याच अभ्यासातून लागला. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास पटकीच्या रुग्णांची तपासणी करून स्वल्पविरामाच्या आकाराचा वाकडा जंतू दाखवून दिला होता. त्यांचेच सहकारी रिशार्ट फायफर यांनी १८९२ च्या सुमारास असे पाहिले की, उष्णतेने मारलेले पटकीचे जंतूही गिनीपिगांना टोचल्यास ते प्राणी दगावतात. याचा अर्थ असा की, जंतू जिवंतपणी जे विष बाहेर टाकतो त्याहून निराळे, त्याच्या देहातच मुरलेले आणि उष्णतेला दाद न देणारे असे एक विष असते. त्यास फायफर यांनी अंतर्विष हे नाव दिले.

थोड्याच काळाने त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. पटकीच्या जंतूंची सवय करून दिलेल्या गिनीपिगाच्या शरीरात तेच जंतू पुन्हा घातले, तर ते विरघळून नाहीसे होत. परंतु दुसऱ्या जातीचे जंतू घातले, तर त्यांस काहीही होत नसे. प्राण्याचे शरीर आपला पूर्वीचा शत्रू नेमका ओळखीत होते.

विष आणि ओळख हे दोन स्वतंत्र विषय आहेत, असेच त्या काळी वाटणे स्वाभाविक होते. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ रसायनशास्त्रज्ञांनी या पदार्थाचा पिच्छा पुरविला, तेव्हा कळून आले की, अंतर्विष आणि शरीराने ओळखलेली मुख्य खूण ही एकाच रेणूची दोन टोके आहेत.

तीन भागांचा रेणू

या कामात मोठी अडचण अशी होती की, मेद पाण्यात विरघळत नाही आणि शर्करा तेलात विरघळत नाही. दोहोंचा संयोग असलेला पदार्थ शुद्ध स्वरूपात काढावयाचा कसा? जर्मन शास्त्रज्ञ ओटो वेस्टफाल आणि ओटो ल्यूडेरिट्झ यांनी १९५२ साली यावर तोडगा काढला. सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानास फेनॉल आणि पाणी एकजीव होतात. निवल्यावर त्यांचे पुन्हा दोन थर होतात. या मिश्रणात जंतू घोळले असता प्रथिने फेनॉलच्या थरात जातात आणि मेदबहुशर्करा पाण्याच्या थरात उतरते. ही कृती आजही जगभरच्या प्रयोगशाळांतून वापरली जाते.

शुद्ध पदार्थ हाती आल्यावर त्याचे पृथक्करण झाले आणि त्याचे तीन भाग असल्याचे दिसून आले.

पहिला भाग पटलात रुतलेला असतो. त्यास लिपिड-ए म्हणतात. ग्लुकोसामीन या शर्करेचे दोन रेणू एकमेकांस जोडलेले, दोन्ही टोकांस फॉस्फेट, आणि त्यांना चिकटलेल्या मेदाम्लांच्या साखळ्या, अशी त्याची घडण आहे. ई. कोलायमध्ये अशा सहा साखळ्या असून प्रत्येकीत १२ किंवा १४ कार्बन अणू असतात. झाडाने मुळे जमिनीत रोवावीत, तशा या साखळ्या पटलात रुतलेल्या असतात. फायफर यांचे अंतर्विष ते हेच. जपानमधील ओसाका येथील शास्त्रज्ञांनी १९८५ साली हा भाग जंतूच्या मदतीवाचून, साध्या रसायनांपासून बनवून दाखविला. त्या कृत्रिम पदार्थानेही ताप आला, तेव्हा विष नेमके कोठे आहे याविषयी शंका उरली नाही.

दुसरा भाग मधला. त्यास गाभा म्हणतात. आपल्या परिचयाच्या ग्लुकोजमध्ये सहा कार्बन अणू असतात. गाभ्यात मात्र सात कार्बन अणूंची हेप्टोज आणि आठ कार्बन अणूंची केडीओ या नावाने ओळखली जाणारी शर्करा, अशा दुर्मिळ शर्करा आढळतात. मानवी शरीरात त्या तयार होत नाहीत.

तिसरा भाग पटलाबाहेर तरंगणारी लांब साखळी होय. तीन ते सहा शर्करांचा एक संच आणि तोच संच पुनःपुन्हा जोडलेला, अशी ती बहुधा असते. तिला ओ-प्रतिजन असे नाव आहे. या 'ओ'चा इतिहास मनोरंजक आहे. काही जंतूंची वाढ काचेवर श्वासाच्या वाफेसारखी पसरते, तर काहींची पसरत नाही. 'वाफेवाचून' या अर्थाच्या जर्मन शब्दातील पहिले अक्षर या प्रतिजनास चिकटले आणि तसेच राहिले.

जंतूंच्या निरनिराळ्या जातींत पहिला भाग बराचसा सारखा असतो, दुसऱ्यात थोडा फरक पडतो आणि तिसऱ्यात मात्र वैविध्याला सीमा नसते. विषमज्वर आणि अन्नविषबाधा यांस कारण होणाऱ्या साल्मोनेला या एकाच घराण्याचे अडीच हजारांहून अधिक प्रकार नोंदविले गेले आहेत. ते ओळखण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे ही बाह्य साखळी. वारीत शेकडो दिंड्या एकाच रस्त्याने चालतात. लांबून सर्व सारख्याच दिसतात, परंतु पताका पाहिली की दिंडी कोणाची ते कळते. ओ-प्रतिजन ही जंतूची पताका होय. आपल्या रक्तातील प्रतिपिंडे तीच पाहून शत्रूची ओळख पटवितात.

ताप का येतो

लिपिड-ए रक्तात शिरले असता काय होते, याची कल्पना एका साध्या गोष्टीवरून येईल. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट या संशोधिकेने दाखवून दिले की, ऊर्ध्वपातित पाणी टोचल्यावर काही वेळा जो ताप येतो, तो पाण्यात पूर्वी वाढून गेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळे येतो. पाणी उकळले तर जंतू मरतात, पण त्यांचे अंतर्विष शिल्लक राहते. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे एका ग्रॅमचे काही अब्जांश एवढे अंतर्विष रक्तात गेले, तरी निरोगी माणसास हुडहुडी भरून ताप येतो. म्हणूनच औषधांच्या काचेच्या कुप्या २५० अंश सेल्सिअस इतक्या कोरड्या उष्णतेत तापवून त्यांवरील अंतर्विष नष्ट केले जाते.

शरीर इतक्या अल्प प्रमाणासही कसे ओळखते, याचा उलगडा १९९८ मध्ये झाला. आपल्या पांढऱ्या पेशींवर टीएलआर-४ नावाचे एक प्रथिन असते. पेशीने लिपिड-ए ओळखले ते त्याच्याद्वारे, आणि त्याचा परिणाम म्हणून ताप व दाह यांची द्रव्ये सोडली जातात. या शोधासाठी ब्रूस बॉयटलर यांस २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. थोडे अंतर्विष शरीरास सावध करते. पुष्कळ अंतर्विष रक्तात भिनले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून मृत्यूही ओढवू शकतो.

पटकीच्या जंतूची पताका

पटकीचे जुलाब मात्र या अंतर्विषामुळे होत नाहीत. पटकीचा जंतू आतड्याची भिंत ओलांडून सहसा रक्तात शिरत नाही; म्हणून पटकीच्या रोग्यास तीव्र तापही बहुधा नसतो. १९५९ साली कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू वाढविलेला द्राव गाळून जंतुविरहित केला आणि तो सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या वेटोळ्यात सोडला. वेटोळे पाण्याने फुगले. जंतू जिवंतपणी बाहेर टाकतो ते प्रथिनरूप विष आतड्यात पाणी ओढून आणते, हे त्यावरून सिद्ध झाले. कॉख यांनी असे विष असावे हा तर्क पाऊणशे वर्षांपूर्वी केला होता.

जुलाब होतात ते या विषाने; परंतु एकदा पटकी होऊन गेलेल्या माणसास पुढे जे संरक्षण मिळते, ते मुख्यतः ओ-प्रतिजनाच्या ओळखीमुळे. पटकीच्या जंतूचे या प्रतिजनावरून पडणारे गट दोनशेहून अधिक आहेत. तथापि १९९२ पर्यंत मोठ्या साथी पसरविणारा गट एकच मानला जाई, तो म्हणजे ओ-१. पेरोसामीन या नायट्रोजनयुक्त शर्करेचे दहा-पंधरा रेणू माळेतील मण्यांसारखे एकापुढे एक ओवलेले, अशी त्याची साखळी असते. या गटाचे ओगावा व इनाबा असे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यांतील रासायनिक भेद इतकाच की, ओगावाच्या साखळीतील अगदी शेवटच्या मण्यावर एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा मेथिल गट असतो आणि इनाबाच्या मण्यावर तो नसतो. 'चिता' आणि 'चिंता' या शब्दांत एका अनुस्वाराचे अंतर आहे. तसाच हा प्रकार. मात्र उरलेली माळ समान असल्याने, एकाविरुद्ध मिळालेले संरक्षण दुसऱ्याविरुद्धही काही अंशी उपयोगी पडते.

मद्रास, १९९२

१९९२ सालच्या अखेरच्या महिन्यांत मद्रासेत पटकीसारख्या जुलाबाचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. रुग्णांच्या मळात वाकडा जंतू सापडला. आता तो ओ-१ गटाचा आहे, एवढेच पाहावयाचे राहिले होते. त्यासाठी काचेवर जंतूंच्या थेंबात ओ-१ विरुद्धचा रक्तरस मिसळतात. जंतू त्या गटाचा असेल तर लगेच गुठळ्या दिसू लागतात. येथे गुठळ्या झाल्या नाहीत. रोगाची लक्षणे पटकीची, जंतू पटकीच्या घराण्यातील, परंतु पताका परकी!

हाच जंतू लवकरच कलकत्त्यास आणि बांगलादेशात पोहोचला. १९९३ च्या पहिल्या काही महिन्यांतच बांगलादेशात लाखाहून अधिक लोक आजारी पडले आणि हजाराहून अधिक मृत्युमुखी पडले. एका गोष्टीने वैद्यांचे लक्ष विशेष वेधले. ज्या प्रदेशात पटकी वारंवार येते, तेथे ती मुख्यत्वे लहान मुलांना होते, कारण मोठ्या माणसांत पूर्वीच्या संसर्गाने संरक्षण आलेले असते. या वेळी मात्र प्रौढ माणसेही मोठ्या प्रमाणात आजारी पडत होती. वर्षानुवर्षे मिळविलेले संरक्षण जणू निरुपयोगी ठरले होते.

कलकत्त्याच्या राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेतील संशोधकांनी या जंतूची छाननी केली. तोपर्यंत ज्ञात असलेल्या १३८ गटांपैकी एकाशीही तो जुळेना. तेव्हा जपानी शास्त्रज्ञांनी त्यास ओ-१३९ हा नवा क्रमांक दिला. बंगालच्या उपसागराच्या किनारी तो प्रथम आढळला म्हणून त्यास 'बेंगॉल' हे उपनावही मिळाले.

पुढील काही वर्षांत त्याच्या मेदबहुशर्करेचे पृथक्करण झाले. पेरोसामीनची माळ नाहीशी झाली होती. तिच्या जागी सहा शर्करांचा एकच आखूड संच होता आणि त्यात कोलिटोज ही निराळीच शर्करा होती. याशिवाय तशाच संचांची लांब साखळी होऊन जंतूभोवती एक पातळ वेष्टनही तयार झाले होते. ओ-१ गटाच्या जंतूस असे वेष्टन नसते. जनुकांच्या अभ्यासाने बदलाची रीतही उघड झाली. १९६१ साली इंडोनेशियातून निघून १९६४ मध्ये भारतात आलेल्या 'एल टॉर' जंतूचाच हा वंशज होता. त्याच्या डीएनएमधील ओ-१ साखळी घडविणारा सुमारे २२,००० अक्षरांचा तुकडा गळाला होता आणि दुसऱ्या कोणा जंतूकडून आलेला सुमारे ३५,००० अक्षरांचा तुकडा त्या जागी बसला होता. विषाची जनुके जशीच्या तशी होती.

विष तेच, पताका निराळी

पताका बदलली, परंतु विष बदलले नाही, ही गोष्ट रुग्णांच्या दृष्टीने सुदैवाची ठरली. पटकीवरचा मुख्य उपचार शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढण्याचा असतो. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर व मीठ घातलेले पाणी पिण्यास देऊन पटकीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आणले होते. या उपचारास जंतूच्या ओळखीची गरज नसते. तो १९९३ मध्येही तितकाच गुणकारी ठरला.

लसीचे तसे नसते. लस म्हणजे शत्रूची ओळख आधीच करून देणे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९३ साली पटकीची लस भारतात आणली. पुढे मुंबईत प्लेगच्या लसीमुळे ते महाराष्ट्रास परिचित झाले आणि परळची संस्था १९२५ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मारलेल्या जंतूंची पटकीची लस पुढेही दीर्घकाळ दंडात टोचली जात असे. ती टोचल्यावर दंड सुजून अंगात कसकस येई. जंतूंच्या देहातील लिपिड-ए हे त्याचे एक कारण होते. शिवाय तिचे संरक्षण थोडे आणि अल्पकाळ टिकणारे असल्याने १९७३ मध्ये प्रवाशांवरील तिच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय सक्ती उठविण्यात आली.

तोंडाने घ्यावयाच्या लसीत हा दोष राहत नाही, कारण अंतर्विष रक्तात जात नाही आणि आतड्याच्या आतील अस्तरासच शत्रूची ओळख पटते. २००९ मध्ये भारतात परवाना मिळालेल्या अशा लसीत ओ-१ बरोबरच ओ-१३९ चे मारलेले जंतूही घातलेले होते. मद्रासच्या साथीने शिकविलेला तो धडा होता. परंतु पुढे ओ-१३९ मागे हटला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर तो क्वचितच आढळतो आणि ओ-१ नेच पुन्हा आपले स्थान घेतले आहे. म्हणून २०२४ मध्ये हैदराबादेत तयार झालेल्या नव्या लसीत ओ-१ गटाचाच, ओगावा व इनाबा या दोन्हींच्या खुणा एकाच देहावर बाळगणारा जंतू वापरला आहे. एक मेथिल गट असलेली आणि नसलेली अशा दोन्ही पताका एकाच जंतूवर!

जंतू आपली पताका पुन्हा केव्हा बदलील, हे कोणास सांगता येणार नाही. निमखाऱ्या पाण्यात निरनिराळ्या जंतूंचा सहवास असतो आणि तेथे जनुकांची देवघेव चालूच राहते. लस ज्ञात पताकेवर चालते. अज्ञात पताकेवर चालतो तो उपाय एकच, तो म्हणजे मैलापाणी पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचू न देणे. पेरुंगुडीसारख्या ठिकाणी शहराचे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे आणि घरोघर निर्धोक पाणी पोहोचविणारे नळ यांस जंतूच्या अंगावर कोणती शर्करा आहे, हे विचारावे लागत नाही. शर्करेची ओळख पटविण्याचे काम प्रयोगशाळेने चालू ठेवावे आणि पाण्याची राखण नगराने करावी; या दोन्ही गोष्टी मिळूनच पटकीपासून माणसाचे खरे रक्षण होते.